सैन्याच्या रस्त्याकडेची थडगी : ब्रेमेनियम आणि पेटी नाउज

रानजाई

न्यूकॅसलला आमच्याकडे येणारे पाहुणे हेड्रियनची भिंत (रोमनांनी उत्तर इंग्लंडात सरहद्दीवर बांधलेली) बघतात, भिंतीवर चढून फोटो काढतात आणि 'चला, रोमन झालं' म्हणत परततात. पण भिंत हा शेवट नव्हता. तिच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, रीड नदीच्या खोऱ्यात, रोमनांचं एक दांडगं ठाणं होतं. त्याचं नाव ब्रेमेनियम. आज त्या जागेला हाय रॉचेस्टर म्हणतात. रोमन काळातल्या रस्त्यांची आणि मुक्कामांची एक यादी आपल्यापर्यंत आली आहे. तिच्यात ब्रिटनचा पहिला रस्ता सुरू होतो तोच 'ब्रेमेनियमपासून'. म्हणजे यादी लिहिणाऱ्याच्या लेखी मोजण्यासारखा मुलूख इथून सुरू होत होता.

किल्ल्याच्या चार तटांच्या आत आज एक वाडी नांदते आहे. मोजकी घरं, मधे हिरवळ, मेंढ्या. पश्चिम दरवाजाच्या कमानीचा खालचा दगड अजून जागेवर आहे. खालच्या रॉचेस्टर गावातल्या जुन्या शाळेची देवडी बघायला विसरू नका. ती किल्ल्यातल्याच दगडांची आहे, आणि तिच्यात रोमन यंत्रांनी फेकायचे दगडी गोळेही बसवलेले आहेत. ब्रेमेनियममध्ये अशा यंत्रांसाठी खास बांधकाम केल्याचे दोन शिलालेख सापडले आहेत, दोन्ही तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले.

मला लिहायचंय ते मात्र किल्ल्याबाहेरच्या गोष्टीबद्दल.

यॉर्कहून निघून कॉर्ब्रिजवरून स्कॉटलंडात शिरणारा लष्करी रस्ता, डिअर स्ट्रीट, किल्ल्याच्या पूर्वेकडून जातो. किल्ल्यातून निघून दक्षिणेकडे अर्धा-पाऊण किलोमीटर चाललं की या रस्त्याच्या अंगाला पेटी नाउज नावाचा माळ लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या. ऊन तिरपं पडलं किंवा हलकं बर्फ पडलं की मग कळतं की अख्खा माळ उंचवट्यांनी भरलाय. छोटे छोटे गोल उंचवटे, चार ढांगांत ओलांडावेत एवढे, उंचीला जेमतेम गुडघ्यापर्यंत. काहींच्या भोवती उथळ चर. ही ब्रेमेनियमच्या शिबंदीची दफनभूमी. या माळावर नांगर फिरला नाही म्हणून ती उरली. ब्रिटनमधल्या बहुतेक किल्ल्यांबाहेरच्या अशा जागा शेतीखाली कधीच सपाट झाल्या.

त्याच भागात, रस्त्याच्या अगदी कडेला, चार दगडी थडगी होती. तीन चौकोनी, एक गोल. १८५० च्या सुमारास ती उजेडात आली. चौकोनी थडग्यांचे दगड लोकांनी पळवले, गोल थडग्याचे खालचे दोन थर अजून उभे आहेत. घडीव, जड चिरे, आणि एकावर प्राण्याचं लहानसं मुंडकं कोरलेलं.

मृतांना वस्तीबाहेर पुरायचं हा रोमनांचा जुना कायदा. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या 'बारा पाट्यां'मध्येच लिहिलंय की मेलेल्या माणसाला नगरात पुरू नये, जाळूही नये. म्हणून थडगी वेशीबाहेर, आणि वेशीबाहेर म्हणजे रस्त्याकडेला. रोमजवळच्या अप्पियन मार्गावर हीच व्यवस्था संगमरवरात दिसते, इथे ती मातीत आणि वालुकाश्मात आहे. येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबावं, नाव वाचावं, हा त्यामागचा हेतू. अनेक रोमन थडग्यांवर वाटसरूला उद्देशूनच मजकूर असतो.

माझ्या डोक्यात घोळतंय ते हे की पेटी नाउजच्या उंचवट्यांवर वाचायला काहीच नाही. लाकडाच्या पाट्या असतील तर त्या कुजल्या. ज्यांच्यासाठी रस्त्याकडेची जागा निवडली त्यांचं नाव त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाच आता कळत नाही. आणि याच किल्ल्यातल्या एका साहेबाची मात्र अख्खी कारकीर्द दगडावर शिल्लक आहे. त्याच्याबद्दल खाली लिहीनच. आधी तुमचं येऊ द्या.

---

गडवेडा_सातारा

ताई, जबरदस्त. एकच प्रश्न, शिबंदी कोण होती? इटलीतले रोमन लोक या थंडीत खरंच येऊन राहिले होते का?

---

रानजाई

@गडवेडा, इटलीतले फारच थोडे, तेही अधिकारी. दुसऱ्या शतकाच्या मध्याला इथे लिंगोनी लोकांची कोहॉर्ट (सैन्याची तुकडी) होती, म्हणजे आजच्या पूर्व फ्रान्सकडची मंडळी. तिसऱ्या शतकात वार्दुली लोकांची पहिली कोहॉर्ट. वार्दुली म्हणजे उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावरचे, आजच्या बास्क मुलखातले. तुकडी कागदोपत्री हजाराची, पायदळ आणि घोडदळ मिसळून. शिवाय 'ब्रेमेनियमचे टेहळे' असं एक वेगळं पथकही शिलालेखांत येतं. अर्थात तुकडीचं नाव वार्दुलींचं असलं तरी शंभर वर्षांनी तिच्यातली पोरं आसपासचीच भरती झालेली असणार.

---

शंकासुर

धागा छान, पण एक मूलभूत शंका. ब्रिटनभर कांस्ययुगातली मातीची थडगी पसरलेली आहेत, रोमन यायच्या दीड-दोन हजार वर्षं आधीची. गोल उंचवटा दिसला की तो रोमनच कशावरून? शेजारी किल्ला आहे म्हणून? मग उद्या माझ्या घराशेजारचा ढिगारा माझ्या आजोबांचा म्हणाल.

---

टवाळ

शंकासुर आले. धागा शंभरी गाठणार. _/\_

---

पांढरीवरचा

शंका रास्त आहे. मी उत्खननांवर काम केलंय (इकडे, महाराष्ट्रात), ब्रिटनचा माझा अभ्यास वाचनापुरता. तरी सांगतो.

पहिली गोष्ट आकाराची. कांस्ययुगातलं थडगं सहसा मोठं, एकटंदुकटं किंवा चार-पाचांच्या गटात आणि बरेचदा उंचावर, लांबून दिसेल असं. इथे छोट्या उंचवट्यांची दाटी आहे आणि ती रस्त्याला धरून आहे. रस्ता इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे त्याला धरून असलेली रांग त्यानंतरची. दुसरी गोष्ट, यातले काही उंचवटे रीतसर खोदले गेलेत. अहवाल १९८४ मध्ये छापून आला. आत दहन केलेल्या अस्थी आणि रोमन काळातली खापरं मिळाली. सगळे खोदलेले नाहीत, हे मान्य.

खरी गंमत दहनाच्या पद्धतीत आहे. रोमन जगात दहनाचे दोन प्रकार. एकात चिता एका ठरावीक जागी पेटवायची, मग हाडं वेचून कलशात भरायची आणि कलश दुसरीकडे पुरायचा. दुसऱ्यात आधी खड्डा खणायचा, त्याच्यावरच चिता रचायची, जळता जळता सगळं खाली खड्ड्यात कोसळतं, आणि तिथेच माती ओढून ढिगारा करायचा. चिता हीच कबर. खोदताना हा दुसरा प्रकार लगेच ओळखू येतो, कारण खड्ड्याच्या कडा भाजून लाल झालेल्या असतात आणि तळाशी कोळशाचा थर. उत्तर ब्रिटनच्या लष्करी ठाण्यांच्या आसपास हा प्रकार दिसतो, बाकी ब्रिटनमध्ये तो विरळा. त्यामुळे तो ऱ्हाइन-डॅन्यूबकडच्या सैनिकांनी आणला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

---

शंकासुर

बरं, रोमन म्हणूया. आता गणित करू. किल्ला दोनेकशे वर्षं वापरात. शिबंदी कागदोपत्री हजाराची, आपण निम्मी धरू. वर बायकापोरं, नोकर, व्यापारी. दोनशे वर्षांत मेले किती? हजारांनी. आणि उंचवटे किती? काही डझन. बाकीचे गेले कुठे?

---

बोरूबहाद्दर

शंकासुरांचा हा प्रश्न आवडला.

---

पांढरीवरचा

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि एकाच कारणानं तो सुटत नाही.

सेवा पूर्ण झालेला सैनिक (इथल्यासारख्या सहाय्यक तुकड्यांत, म्हणजे प्रांतांतून भरती केलेल्या तुकड्यांत, पंचवीस वर्षं) किल्ल्यातच मरेल असं नाही, तो दक्षिणेला कुठेतरी स्थायिक होतो. मोहिमेवर पडलेले तिथेच राहतात. किल्ल्याला दफनाची जागा एकच असेल असंही नाही. आणि सगळ्यांना उंचवटा मिळाला हे तरी कुठे ठरलंय? उंचवट्यांच्या मधल्या सपाट जागेतही पुरलेलं असणार, आणि सपाट कबर गवताखाली दिसत नाही. तिसऱ्या शतकात साम्राज्यभर दहन मागे पडून प्रेत पुरायची चाल वाढली. त्या भागातली माती आम्लधर्मी आहे, तिच्यात न जाळलेलं हाड विरघळून जातं. जळून पांढरं झालेलं हाड मात्र टिकतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो फक्त जाळलेल्यांचा हिशोब.

---

लीड्सवाली_मावशी

रानजाई, तो साहेब कोण ते सांग ना आता. मी चहा करून बसलेय.

---

रानजाई

सांगते मावशी. 😄

त्याचं नाव रुफिनस. वार्दुली कोहॉर्टचा ट्रिब्यून, म्हणजे ब्रेमेनियमचा किल्लेदारच म्हणा. त्याचा थडग्याचा दगड आज जवळच्या एल्स्डन गावच्या चर्चमध्ये आहे. त्याच्यावर कारकीर्द दिलीय. आधी लुसिटानी (आजचं पोर्तुगाल) लोकांच्या एका कोहॉर्टवर, मग ब्रूकी (सावा नदीकाठचे) लोकांच्या कोहॉर्टवर. त्याशिवाय इटलीत फ्लॅमिनियन मार्गाचा आणि गरीब मुलांच्या पोषणासाठी असलेल्या सरकारी निधीचा उपअधिकारी, आणि सार्वजनिक बांधकामांचाही उपअधिकारी. वय ४८ वर्षं, ६ महिने, २५ दिवस.

फ्लॅमिनियन मार्ग म्हणजे रोमहून उत्तरेला एड्रियाटिक किनाऱ्याकडे जाणारा राजरस्ता. इटलीतल्या सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यांपैकी एकाचं काम बघितलेला माणूस साम्राज्याच्या शेवटच्या टोकाच्या रस्त्यावर येऊन मेला.

दगड कुणी बसवला? बायकोनं. ज्युलिया ल्युसिला. तिच्या नावापुढे जी पदवी आहे ती सिनेटरांच्या घराण्यातल्या स्त्रियांची. म्हणजे दर्जानं ती नवऱ्याच्या वरची. ही बाई रोमचं सगळं सोडून रीडच्या खोऱ्यात, जिथे जुलैतही स्वेटर लागतो तिथे, नवऱ्याबरोबर राहिली. आणि तिला हे पूर्ण ठाऊक होतं की ती पदवी दगडावर आलीच पाहिजे. मला या दोघांत तीच जास्त आवडते.

अजून एक दुवा आहे. ब्रेमेनियममध्येच एक वेदी सापडली, युटिकस नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाची. त्यानं ती सिल्वानस देवाला वाहिलीय, 'ट्रिब्यून रुफिनस आणि त्याची ल्युसिला यांच्या क्षेमासाठी'. म्हणजे एकाच घरातली तीन माणसं आपल्याला नावानं माहीत आहेत: साहेब, बाईसाहेब आणि घरातला माणूस. नवस युटिकसचा, थडगं रुफिनसचं.

---

गडवेडा_सातारा

मग ते गोल थडगं रुफिनसचंच का? रस्त्याकडेला, घडीव चिऱ्यांचं, साहेबाला शोभेल असं.

---

रानजाई

मोह होतो खरा, पण जोडायला पुरावा नाही. गोल थडग्यात दहनाचा कलश आणि तिसऱ्या शतकातलं एक नाणं मिळालं असं एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत आहे, म्हणजे काळ आसपासचा. तेवढ्यावरून नाव चिकटवणं बरं नाही. कुणातरी पैसेवाल्याचं, बहुधा अधिकाऱ्याचं, इथपर्यंत थांबावं.

---

बोरूबहाद्दर

त्या गोल थडग्याबद्दल थोडं. ही चिऱ्यांची गोल भिंत म्हणजे मुळात मातीच्या उंचवट्याला घातलेला दगडी अंगरखा. आत माती, वर मातीचा घुमट. रोममध्ये ऑगस्टसची समाधी याच जातीची आहे, अवाढव्य प्रमाणात, आणि अप्पियन मार्गावरचं सेसिलिया मेटेलाचं थडगंही त्याच घराण्यातलं. त्यामुळे मातीचा ढिगारा म्हणजे रानटी चाल आणि दगड म्हणजे रोमन चाल, अशी सरळ वाटणी करता येत नाही. खुद्द पहिल्या सम्राटानं ढिगाऱ्यातच झोपायचं ठरवलं होतं. पेटी नाउजचा शिपाई आणि ऑगस्टस यांच्यात फरक फक्त बजेटचा.

---

टवाळ

बजेटवरून आठवलं, शिपायाच्या ढिगाऱ्याचे पैसे कोण द्यायचं? पीएफ होता का?

---

बोरूबहाद्दर

टवाळराव, तुम्ही थट्टेत विचारलंत, पण उत्तर जवळजवळ 'हो' आहे. व्हेजिशियस नावाच्या लेखकानं उशिराच्या काळात रोमन लष्करावर पुस्तक लिहिलं. तो सांगतो की लीजनमध्ये (दहा कोहॉर्टची मुख्य रोमन फौज) सैनिकांच्या बचतीच्या दहा थैल्या असत, दर कोहॉर्टला एक. आणि अकरावी थैली सगळ्यांच्या वर्गणीची, दफनखर्चासाठी. कुणी मेला की त्या थैलीतून खर्च. (ही लीजनची गोष्ट. सहाय्यक तुकड्यांतही तसंच काही असणार, पण व्हेजिशियस बोलतोय लीजनबद्दल.)

नागरी जगात तर चक्क दफनाच्या भिश्या होत्या. रोमच्या दक्षिणेला लानुवियम गावात इ.स. १३६ मध्ये कोरलेली एका मंडळाची नियमावली मिळालीय. प्रवेश फी १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि वर एक बुधला चांगली दारू, महिन्याला ५ आसची (चार आस म्हणजे एक सेस्टर्स) वर्गणी, मेल्यावर मंडळाकडून ३०० सेस्टर्स. त्यातले ५० स्मशानयात्रेला येणाऱ्यांत वाटायचे. वर्गणी थकली तर काही नाही. आत्महत्या केली तरी नाही. गावापासून वीस मैलांच्या पलीकडे मेला तर तिघांनी जाऊन अंत्यविधी करायचे आणि प्रवासखर्च घ्यायचा, हिशोबात लबाडी केली तर चौपट दंड. नियम वाचताना प्रत्येक कलमामागे कुणीतरी आधी केलेली चलाखी दिसते.

---

लीड्सवाली_मावशी

दारू 'चांगली' पाहिजे हे नियमातच लिहिलंय! आमच्या मंडळाला पाठवते. 😂

---

नागपुरी_संत्रं

रानजाईताई, धागा वाचताना सारखं आमचं जुनापाणी डोळ्यांसमोर येत होतं, म्हणून थोडं अवांतर.

नागपूरहून काटोल रस्त्याला जुनापाणीला दगडी वर्तुळांची दफनं आहेत, शेकड्यांनी. लोहयुगातली, म्हणजे रोमन ब्रिटनमध्ये पोचायच्या कितीतरी शतकं आधीची. मोठे धोंडे गोलात मांडलेले आणि आत माती-मुरुमाचा भराव. माहुरझरीला तर घोडेही पुरलेले सापडले, तांब्याच्या साजासकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली.

दुवा कुठे? एकोणिसाव्या शतकात जुनापाणीला खोदणारा एक इंग्रज सनदी अधिकारी होता, रिव्हेट-कार्नॅक. त्याला वर्तुळांच्या धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले दिसले. त्यानं त्यांची तुलना थेट ब्रिटनमधल्या खडकांवरच्या तशाच खळग्यांशी केली आणि दोन्हींमागे एकच लोक असावेत असं सुचवलं. असे खळगे कोरलेले खडक ज्या प्रांतात सगळ्यात जास्त आहेत त्यांत नॉर्थम्बरलंड, म्हणजे तुमचं ब्रेमेनियम ज्या परगण्यात आहे तोच. एकच लोक ही कल्पना पुढे टिकली नाही. पण एकशे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नागपूरच्या माळावर उभं राहून कुणीतरी नॉर्थम्बरलंडचे दगड आठवत होता, याची मला गंमत वाटते.

---

रानजाई

हे मला अजिबात ठाऊक नव्हतं! खळग्यांचे खडक इकडे खूप आहेत, रॉथबरीच्या आसपास तर पावलागणिक. पण ते पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे रोमनांनाही ते प्राचीनच वाटले असतील.

---

पांढरीवरचा

@नागपुरी_संत्रं, उत्तम भर. फक्त एक पुस्ती. जुनापाणी आणि पेटी नाउज दिसायला सारखे असले तरी त्यांमागचा समाज वेगळा. विदर्भातल्या वर्तुळांसाठी भलेमोठे धोंडे ओढून आणलेत, त्याला गावकीचे पुष्कळ हात लागले असणार. पेटी नाउजचा ढिगारा दोन-चार सोबत्यांनी अर्ध्या दिवसात फावड्यानं केलाय. त्यामुळे तिथे मी आधी टोळी किंवा घराणं शोधत नाही. मला तिथे दिसतात ते एका बराकीतले सोबती.

---

कोल्हापुरी_ठसका

रोमन म्हटलं की आम्हाला ब्रह्मपुरी आठवणारच. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४० च्या दशकात रोमन समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. सोपारा, कल्याण, तेर, सगळीकडे तो व्यापार पोचला होता. पण त्या व्यापारातला कुणी माणूस तुमच्या भिंतीपर्यंत पोचला असेल का? नुसतं कुतूहल.

---

रानजाई

@कोल्हापुरी_ठसका, थेट तसा माणूस माहीत नाही. पण जवळपास जाणारा एक आहे, आणि तो बहुधा याच रस्त्यावर पुरलाय.

बराटेस नावाचा सीरियातल्या पाल्मिरा शहरचा माणूस. टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्सला त्यानं बायकोसाठी थडग्याचा देखणा दगड बसवला. बायकोचं नाव रेजिना, वय तीस. ती आधी त्याची गुलाम होती, मग त्यानं तिला मुक्त केलं. ती दक्षिण इंग्लंडातल्या कॅटुवेलौनी जमातीची. दगडावर ती खुर्चीत बसलीय, बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. खाली लॅटिन मजकूर, आणि त्याच्याखाली त्यानं आपल्या पाल्मिरी लिपीत एक ओळ कोरून घेतली: 'बराटेसची मुक्त केलेली रेजिना, हाय!' लॅटिन अडखळतं आहे, पाल्मिरी ओळ मात्र सफाईदार.

आणि डिअर स्ट्रीटवरच्या कॉर्ब्रिजला एका पाल्मिरावाल्याचा साधासा दगड मिळालाय, वय अडुसष्ट. नावाची सुरुवात तुटलीय, शेवट जुळतो. तो हाच बराटेस असं मानणारे पुष्कळ आहेत, सगळे नाहीत. बायकोच्या दगडावर खर्च केला तेवढा त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेला नाही.

आता तुमचा मुद्दा. पाल्मिराचे व्यापारी इराणच्या आखातातून सिंधच्या मुखापर्यंत गलबतं पाठवत, तसे शिलालेख पाल्मिरातच आहेत. म्हणजे त्या एका शहराच्या माणसांचं एक टोक आपल्या बाजूच्या समुद्रात आणि दुसरं टोक टाइनकाठी.

---

शंकासुर

इतका वेळ सगळे छोटे लोक झाले. या रस्त्यावर कुणी मोठं मेलं नाही वाटतं?

---

बोरूबहाद्दर

मेलं की. खुद्द सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस. २०८ ते २११ या काळात त्यानं स्कॉटलंडवर मोहिमा काढल्या, त्यासाठी फौजा नेल्या त्या डिअर स्ट्रीटवरूनच. संधिवातानं इतका जर्जर की बराच प्रवास पालखीतून. फेब्रुवारी २११ मध्ये यॉर्कला, म्हणजे याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला, तो मेला. तिथेच त्याची चिता पेटवली आणि अस्थी कलशातून रोमला नेल्या. इतिहासकार डिओ सांगतो की मरायच्या थोडं आधी त्यानं तो कलश मागवून घेतला, हातानं चाचपला आणि म्हणाला, ज्याला जग पुरलं नाही तो माणूस आता तुझ्यात मावेल. खरंच म्हणाला की नाही कोण जाणे, डिओला नाट्य आवडायचं.

---

गडवेडा_सातारा

मला एक विचारायचंय. आपल्याकडे वीरगळ असतो, त्यावर लढाई कोरलेली असते, वर स्वर्गारोहण. या सैनिकांच्या थडग्यांवर लढाई का नाही? वय, नोकरी, कोणी बसवला, एवढंच. लढून मेला की तापानं मेला हेही लिहीत नाहीत.

---

पांढरीवरचा

घोडदळाच्या दगडांवर असतं की. हेक्समच्या चर्चमध्ये फ्लाविनस नावाच्या पंचविशीतल्या निशाणधारी स्वाराचा मोठा दगड आहे, घोड्यावर बसून खाली दबलेल्या शत्रूवरून जाताना. मूळचा बहुधा कॉर्ब्रिजचा, पुन्हा तोच रस्ता. पण ते ठरावीक साच्यातलं चित्र, त्याच्या मरणाचं नव्हे. वीरगळ हा मरणाच्या प्रसंगाचा दगड आहे आणि रोमन दगड माणसाच्या हुद्द्याचा. त्यांना सांगायचं असतं की हा कोण होता, कुणाच्या हाताखाली होता आणि याचा वारस कोण. मृत्युपत्राप्रमाणे वारसानं दगड बसवला, असंही बरेचदा लिहिलेलं असतं.

---

लीड्सवाली_मावशी

बरं, जायचं कसं? गुडघे दुखतात माझे, आधीच सांग.

---

रानजाई

मावशी, ए-६८ रस्त्यावर रॉचेस्टर गाव आहे, तिथून वर हाय रॉचेस्टरपर्यंत गाडी जाते. किल्ल्याला फेरी मारायला गुडघ्यांना त्रास नाही. थडग्यांकडचा भाग मात्र ओलसर आणि खाचखळग्यांचा, बूट हवेतच. लोकांची शेतं आहेत, फाटक उघडलं की लावायचं आणि कुत्रा असेल तर दोरीला. उंचवट्यांवर उभं राहू नका, मेंढ्या राहतात तेवढं पुरे.

अजून एक. उत्तरेला डिअर स्ट्रीट ऑटरबर्नच्या लष्करी सरावक्षेत्रातून जातो. १९११ पासून तिथे तोफांचा सराव चालतो. लाल निशाण लागलेलं असेल तर पुढे जायचं नाही. च्यू ग्रीनच्या रोमन छावण्या बघायच्या असतील तर सरावाचं वेळापत्रक आधी बघून ठेव.

---

टवाळ

म्हणजे दोन हजार वर्षांनंतरही तिथे फौजच दगडं फेकतेय. फक्त यंत्रं बदलली.

---

शंकासुर

शेवटची शंका, मग मी गप्प. इतकी विज्ञानाची प्रगती झालीय, तर त्या अस्थींची डीएनए तपासणी करून सांगत का नाहीत की हे बास्क की इंग्रज की अजून कोण?

---

पांढरीवरचा

चितेच्या उष्णतेत डीएनए टिकत नाही. दातांचं एनॅमलही तडकून जातं, आणि न जाळलेल्या सांगाड्यात माणूस कुठे वाढला ते बहुधा त्यावरूनच काढतात. पण पूर्ण जळून पांढऱ्या झालेल्या हाडात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या प्रकारांचं (समस्थानिकांचं) प्रमाण मात्र जसंच्या तसं बंद होऊन राहतं. माणूस आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत कुठल्या खडकाच्या मुलखातलं खातपीत होता, हे त्यातून कळतं. २०१८ मध्ये स्टोनहेंजच्या दहन केलेल्या अस्थींवर हे करून दाखवलं, आणि त्यातले काही जण पश्चिमेकडून, वेल्सच्या बाजूनं आलेले असावेत असं निघालं.

पेटी नाउजला ते लावायचं तर अडचण अशी की हाड शेवटच्या दहाएक वर्षांची गोष्ट सांगतं. पंचवीस वर्षं ब्रेमेनियममध्ये काढलेला वार्दुली आणि तिथेच जन्मलेला गडी त्या मापात सारखेच दिसतील. नवखा, वर्ष-दोन वर्षांत मेलेला असेल तर तोच उठून दिसेल. शिवाय बरेचसे उंचवटे न खोदताच ठेवलेत, आणि संरक्षित जागा असल्यामुळे परवानगीशिवाय फावडं लावता येत नाही. माझ्या मते तसंच असावं. आत्ता खोदून जेवढं कळेल त्याहून जास्त पन्नास वर्षांनी कळेल.

---

शंकासुर

पटलं. गप्प.

---

टवाळ

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

नागपुरी_संत्रं

रानजाईताई, पुढच्या भागात कॉर्ब्रिजवर लिहा. आणि ल्युसिलाबाईंचं पुढे काय झालं ते कुठे मिळतं का?

---

रानजाई

मी शोधलं, मला दगडावरच्या त्या ओळींपलीकडे काही मिळालेलं नाही. कॉर्ब्रिजवर लिहीन, तिथला दगडी सिंह आणि लोखंडी पट्ट्यांच्या चिलखताची पेटी यांच्यावर एक स्वतंत्र धागाच होईल. मावशी, मेच्या शेवटी येणार असाल तर कळवा, मी रॉचेस्टरला भेटते.